फिर्याद न करणारा चट्टा

नागपुरात ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ म्हटले की कोणती रुग्णालये हे सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी त्वचारोग विभागाच्या रांगेत उभा असलेला इसम बहुधा मानेवरचा नायटा वा हातावरची खाज एवढीच तक्रार घेऊन आलेला असतो, आणि बाही वर करून तेवढा भाग दाखवला की आपले काम संपले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु जे विकार खाजतात वा ठणकतात, ते आपली फिर्याद आपणच गुदरतात. खरी भीती मुकाट्याने पसरणाऱ्यांची, आणि त्यांत कुष्ठरोगाची ओळख विदर्भाला नव्याने करून देण्याचे कारण नाही.

या रोगाचा फिकट वा तांबूस चट्टा खाजत नाही, दुखत नाही, आणि पाठ, नितंब अशा स्वतःच्या नजरेआडच्या जागीही उमटतो. म्हणूनच चांगल्या उजेडात, पण पडद्याआड, कपडे उतरवून टाळूपासून तळव्यांपर्यंत पाहावे लागते. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या चट्ट्यावर कापसाचे टोक टेकवून, स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगावे लागते. कोपरामागची आणि गुडघ्याबाहेरची नस जाड झाली आहे काय, हे चाचपावे लागते. चट्ट्यांची मोजदाद हा निव्वळ दप्तरी सोपस्कार नव्हे. चट्टे ५ पर्यंत असले, तर सामान्यतः ६ महिन्यांचे औषध, त्याहून अधिक असले, तर १२ महिन्यांचे. तेव्हा पाठीवरचा न पाहिलेला सहावा चट्टा निम्मा उपचार बुडवू शकतो.

रोग्याची वाट पाहत न बसता रोगाचा शोध घेत जाण्याची शिस्त शेजारच्या वर्ध्यातच रुजली. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठसेवा आरंभिली ती आश्रयाची. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाने डॉ. वार्डेकरांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री घालून देऊन गावोगाव धडधाकट दिसणाऱ्यांचीही अंगतपासणी सुरू केली. २००५ च्या अखेरीस देशातील कुष्ठरुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाखाली आले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात, आणि आशा सेविकांना घरोघर जावेच लागते.

औषधाने जंतू मरतात. निकामी झालेली नस मात्र पूर्ववत होईलच असे नाही. यास्तव डॉक्टरांनी सर्वांग दाखवावयास सांगितले तर संकोचू नये, स्त्रियांनी परिचारिकेची उपस्थिती निःशंकपणे मागावी. आणि घाईगर्दीत डॉक्टरांकडून राहिलेच, तर ‘पाठही पाहता का?’ असे विचारण्याचा रुग्णाला पुरता अधिकार आहे.