एका माणसाचा स्वयंपाक

आपल्या घरी रोज स्वयंपाक होतो. सकाळी कणीक भिजवली जाते, आमटीला फोडणी बसते, भाताचा वास घरभर दरवळतो आणि पाने मांडली जातात. घरात चार माणसे असोत की दहा, हा क्रम सहसा चुकत नाही. परंतु घरात एकच माणूस असेल तर? शिक्षणासाठी परगावी राहणारा विद्यार्थी, नोकरीनिमित्त दूर गेलेली मुलगी, मुले परदेशी गेल्यामुळे मागे राहिलेले आजोबा किंवा आजी, अशी एकटी माणसे आज गावोगावी आहेत. उद्या तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ येईल. एका माणसाचा स्वयंपाक तो केवढा, तो कोणालाही जमेल, असे आपणांस वाटते. मलाही एके काळी तसेच वाटत असे.

१९८४ च्या जून महिन्यात सातारा जिल्ह्यातील एका डोंगराळ गावी मी शिक्षक म्हणून रुजू झालो. गावात खाणावळ नव्हती. मी एक खोली भाड्याने घेतली, रॉकेलचा स्टोव्ह आणला आणि आईला पत्र पाठवून भाताचे प्रमाण विचारले. आईचे उत्तर आले : आठ माणसांना चार वाट्या तांदूळ, आठ वाट्या पाणी आणि सुमारे अर्धा तास. मी गणिताचा विद्यार्थी; लगेच त्रैराशिक मांडले. एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी! वेळेलाही आठाने भागले, तर चार मिनिटेसुद्धा येईनात. तेव्हा भाताची आणि गणिताची फारकत होते हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण ते आले नाही. मी एका पसरट पातेल्यात तांदूळ घातले, स्टोव्ह भडक पेटवला आणि वाट पाहत बसलो. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. दोन दिवस हीच गत झाली. तिसऱ्या दिवसापासून मी चहा, बिस्किटे आणि चिवडा यांवर दिवस काढू लागलो.

एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला, अशी मी मनाची समजूत घालीत असे. तीन आठवडे असे गेले. एके दिवशी दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मुलांच्या देखत मटकन खाली बसलो. ही वार्ता संध्याकाळपर्यंत शेजारच्या आजींच्या कानी गेली. त्या वृद्ध आजी एकट्याच राहत असत; त्यांचा मुलगा मुंबईला कामाला होता. त्यांनी दारातूनच विचारले, “गुरुजी, जेवलासा का?” मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी कोपऱ्यातल्या थंड स्टोव्हकडे पाहिले आणि म्हणाल्या, “एकट्याचं पोट काय पोट नसतं व्हय?”

त्या रात्री त्यांनी मला आपल्या घरी नेऊन जेवू घातले. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक शिकवला. त्यांच्या त्या पाठांतील कारणे मला पुढे विज्ञानाच्या पुस्तकांतून उमगली. तीच येथे सांगतो.

माझे त्रैराशिक का फसले? पहिले कारण वेळेचे. भात शिजतो म्हणजे प्रत्येक दाण्यात पाणी आणि उष्णता पोचून तो मऊ होतो. दाणे शंभर असोत की लाख, एका दाण्याला शिजायला लागणारा वेळ तेवढाच असतो. दुसरे कारण पाण्याचे. पातेल्यातून वाफ उडून जाते. चार वाट्या तांदळाच्या मोठ्या पातेल्यात ही तूट जाणवत नाही. परंतु अर्ध्या वाटी तांदळाच्या मानाने ती फार मोठी ठरते. म्हणून थोडा भात करताना तांदळाच्या दुपटीहून थोडे अधिक पाणी घ्यावे लागते. तिसरे कारण भांड्याचे. पसरट भांड्यात थोडे अन्न पातळ पसरते आणि लवकर करपते. यासाठी आजींनी मला एक लहानसे, उभट, कल्हई केलेले पातेले दिले. एका माणसाच्या स्वयंपाकाचा पहिला नियम हाच की, भांडे स्वयंपाकाच्या मापाचे असावे.

मग त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवून त्यात थोडे पाणी ओतले. झाकणावर पाणी कशासाठी, असे मला वाटले. त्या पाण्यामुळे झाकण फार तापत नाही. आतली वाफ त्याला लागून थंड होते आणि तिचे पाणी होऊन ते पुन्हा अन्नात पडते. शिवाय वरचे पाणी हळूहळू कोमट होते आणि आतले पाणी कमी पडल्यास भर घालायला उपयोगी पडते.

मी ज्योत मोठी केली, तेव्हा आजींनी ती लहान केली. पाणी एकदा उकळू लागले, की त्याखाली कितीही जाळ घातला तरी ते अधिक तापत नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. पुढची सारी उष्णता केवळ वाफ करण्यात खर्च होते. म्हणून उकळी आली, की ज्योत बारीक करावी. अन्न तेवढ्याच वेळात शिजते आणि इंधन वाचते. आजच्या प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाण्याचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. त्यामुळे डाळ फार लवकर शिजते. वाफ कोंडून अन्न शिजवण्याचे असे भांडे देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये तयार केले होते.

आजींनी शिकवलेला पहिला पदार्थ म्हणजे मुगाच्या डाळीची खिचडी. एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ पुरते. दोन्ही धुऊन निथळून घ्यावे. पातेल्यात दोन चमचे तेल तापवावे. त्यात प्रथम मोहरी घालावी. ती तडतडली की जिरे, मग हिंग आणि शेवटी हळद. हा क्रम मनाचा नाही. मोहरी फुटायला चांगले तापलेले तेल लागते, तर हळद क्षणात करपते. मसाल्यांचा स्वाद देणारी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक सहज उतरतात; फोडणीचे मर्म हेच. मग एक चिरलेला कांदा आणि हाताशी असेल ती भाजी घालावी. तांदूळ व डाळ थोडी परतून तीन वाट्या ऊन पाणी आणि चवीपुरते मीठ घालावे. उकळी आल्यावर ज्योत बारीक करून झाकण ठेवावे. वीस ते पंचवीस मिनिटांत मऊ खिचडी तयार होते. वरून चमचाभर तूप आणि सोबत भाजलेला पापड असला म्हणजे आणखी काय हवे?

ही खिचडी गरिबाचे किंवा आजाऱ्याचे अन्न म्हणून कोणी हसण्यावारी नेऊ नये. आपल्या शरीराच्या बांधणीला प्रथिने लागतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो; तो डाळीत विपुल असतो. डाळीत मेथिओनीन नावाचा घटक कमी असतो. ती उणीव तांदूळ भरून काढतो. आपले वरणभात, आमटीभाकरी हे जोड असेच परस्परांना पूरक आहेत.

खिचडीचा कंटाळा आला, तर पिठले आहे. चार चमचे बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले, तर त्याचा बाहेरचा थर तत्काळ फुगून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या होतात. फोडणीत कांदा, हिरवी मिरची आणि दीड वाटी पाणी घालून उकळी आली, की कालवलेले बेसन ढवळत ढवळत ओतावे आणि झाकण ठेवून चांगले शिजू द्यावे. आमटी करायची झाल्यास चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावर घालावे. आधी घातल्यास आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. असे चार-पाच पदार्थ हाती आले, की आठवडा सुखाने जातो.

एकट्याच्या स्वयंपाकात अन्न उरण्याचा धोका मोठा असतो. म्हणून मोजून करावे. पाव वाटीचे माप डब्यातच ठेवावे. तरीही भात उरलाच, तर तो तासन्‌तास उघड्यावर ठेवू नये; लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा. काही जिवाणूंची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत राहिला, की ती वाढतात आणि विष तयार करतात. असा भात नंतर फोडणीला टाकून कितीही परतला, तरी ते विष जात नाही.

मुलांनो, तुम्ही स्वयंपाक शिकू लागाल तेव्हा प्रारंभी घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. सैल, लोंबते कपडे घालून चुलीपाशी जाऊ नका. भांड्याचा दांडा शेगडीबाहेर येऊ देऊ नका. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नका. शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवा आणि मोठ्या माणसांना हाक मारा. आणि हे शिकणे केवळ मुलींचे काम आहे असे समजू नका. भूक मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही.

महात्मा गांधी विद्यार्थिदशेत, १८८८ ते १८९१ या काळात, लंडनमध्ये होते. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी दोन खोल्यांऐवजी एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत आणला आणि सकाळची न्याहारी स्वतः करण्यास आरंभ केला. ओटची लापशी शिजवावयाची आणि कोकोसाठी पाणी तापवावयाचे. या कामाला त्यांना जेमतेम वीस मिनिटे लागत. दुपारचे जेवण ते बाहेर घेत आणि रात्री घरी पाव व कोको. अशा रीतीने दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगात भागे, असे त्यांनी आपल्या आत्मकथेत सांगितले आहे. स्वयंपाकाने त्यांचा पैसा वाचला. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, आपल्या गरजा आपल्या हातांनी भागवता येतात हा विश्वास त्यांना मिळाला.

परंतु आजींनी मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट चुलीवरची नव्हती. एके संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या जेवायला बसत होत्या. पाट मांडला होता. ताटात भाकरी, पिठले, बाजूला मीठ आणि चटणी, शेजारी पाण्याचा तांब्या. एकटीसाठी इतकी मांडामांड पाहून मी विचारले, “आजी, कोणी येणार आहे का?” त्या हसून म्हणाल्या, “जी जेवणार हाय, ती आलीया की!” मी मात्र तोवर पातेल्यातच चमचा घालून उभ्याउभ्या जेवत होतो. त्या दिवसापासून मीही ताट वाढून, बसून जेवू लागलो.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. निघताना आजींनी ते कल्हईचे पातेले माझ्या हाती दिले. पुढे संसार झाला, मुले झाली आणि ते पातेले माळ्यावर गेले. आता मुले आपापल्या गावी आहेत. काही वर्षांपूर्वी पत्नी निवर्तली आणि मी पुन्हा एकटा झालो. पहिले काही दिवस मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना. शेजाऱ्यांना मी “जेवलो” असे खोटेच सांगू लागलो. मग एके दिवशी तोच जुना प्रश्न आठवला. मी माळ्यावर चढलो, मोठी पातेली वर ठेवली आणि ते लहान पातेले खाली आणले. त्याला नवी कल्हई करून घेतली. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ मोजून घेतली. खिचडी झाल्यावर ताट मांडले, पाणी घेतले आणि जेवायला बसलो.

इतरांसाठी स्वयंपाक करण्यात प्रेम असते, हे आपण सर्व जाणतो. स्वतःसाठी नीट रांधून, नीट वाढून, शांतपणे जेवणे यातही एक प्रकारचे कर्तव्यपालन आहे. ज्या देहाकडून आपण दिवसभर काम करवून घेतो, त्याची विचारपूस करावयास दुसरे कोणी जवळ नसेल, तर ती आपणच केली पाहिजे. तुमच्या शेजारी असे एकटे राहणारे कोणी असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्यांच्या दारात जा आणि आपुलकीने विचारा, “जेवलात का?” मात्र उत्तर ऐकताना त्यांच्या चुलीकडेही एकदा पाहा.