रंगाच्या रेणूंची चळत

सूत रंगविताना आपला रंगारी पाणी कढत का ठेवतो? थंड पाण्यात कित्येक रंगांचे चपटे रेणू भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक बसतात. ही चळत सुतात नीट शिरत नाही, रंग डागाळतो. त्यापायी रंगाऱ्याची मजुरी कापलेली मी पाहिली आहे. दोष रेणूंचा, दंड माणसाला!

या रंगांत बेंझीनसारखी वलये असतात. बेंझीनच्या वलयाच्या पाठीपोटाशी किंचित ऋणभार, काठाशी धनभार. सगळ्या हायड्रोजनांच्या जागी फ्लोरीन बसविले, की नेमके उलटे. 1960 साली पॅट्रिक आणि प्रॉसर यांनी हे दोन द्रव रेणूस रेणू मिसळले. दोन्ही 5 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठणारे; मिश्रण मात्र 24 अंशांनाच गोठले! वलये आळीपाळीने रचली गेली होती. विद्रावात ही ओढ दुबळी पडते. पण पाण्यात पाण्याचाच रेटा वलयांना एकत्र दाबतो. उष्णतेने रेणूंची धडपड वाढली, म्हणजे चळत सुटते.