जुने घर पाडण्याआधी वही उघडा

नगर जिल्ह्यात धाब्याची जुनी घरे पाडून नवी बांधताना आपले व्यापारी व कारागीर बांधव चौरस फुटाच्या दरावरच अंदाज बांधतात. पाडकाम, राडारोडा, परवानगी आणि तोवरचे घरभाडे त्यात धरतच नाहीत. आम्हीही हीच चूक केली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे लागले आणि पायातच अंदाज कोलमडला. मालाचे पैसे स्लॅबला गेले. ऐन ईदेच्या हंगामात दुकानाच्या मांडण्या रिकाम्या राहिल्या.

तेव्हा बांधवांनो, घराची वही वेगळी ठेवा. दहावा हिस्सा अडचणीसाठी राखा. जुने सागवान मोजून चौकटींना वापरा. पैसा कमी पडला तर वरचा मजला थांबवा. पायात काटकसर नको आणि दुकानाचे भांडवल मोडू नका.