एक डोळा उघडा

बदकांचं वेड मला काकीच्या परसात लागलं. सिंधुदुर्गातलं चिऱ्याचं घर, मागे विहीर, माडांच्या बुडाशी साचलेलं पाणी आणि त्यात दिवसभर चोची खुपसणारी नऊ बदकं. एका पावसाळी रात्रीत त्यातली सात गेली. खाल्लं होतं एकच. बाकीची माना तोडून टाकलेली. खुराड्याच्या पातळ षटकोनी जाळीला कोपऱ्यात मुठीएवढं भोक पडलं होतं. "कांडेचोर इलो असतलो," काकी एवढंच बोलली. म्हणजे उदमांजर. पण एकाची भूक असताना सात का मारावीत, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली नेमक्या याच वागण्यावर लिहिलं. इंग्लंडच्या रेव्हनग्लास किनाऱ्यावर काळोख्या रात्री खोकडं कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत शिरत आणि खाण्याच्या कितीतरी पट पक्षी मारत. अंधारात पक्षी उडत नसत, म्हणून शिकार थांबत नसे. भक्ष्य पळालं की शिकार संपते. ते समोरच राहिलं तर शिकाऱ्याला थांबवणारं काही उरत नाही. बंद खुराड्यात तेच घडतं. याला क्रौर्य म्हणणं मला पटत नाही.

बदक रात्री अगदीच बेसावध असतं असंही नाही. १९९९ साली नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मलार्ड बदकांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार बदकं ओळीने झोपवली, तर टोकाची दोन मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवून झोपत. अशी अर्धी झोप टोकाच्या जागी मधल्या जागेच्या अडीच पट दिसली, आणि उघडा डोळा बहुतेक वेळ बाहेरच्या बाजूला रोखलेला. हे वाचून मी कित्येक रात्री विजेरी झाकून खुराड्यापाशी बसलो. कडेच्या बदकाचा तो चमकता डोळा पाहिला की अंगावर काटा येतो. पण मोकळ्या पाणथळीवर हा पहारा उपयोगी पडतो, कारण तिथे उडून जाता येतं. अंगाने जड झालेलं पाळीव बदक धोका ओळखतं आणि जागीच राहतं.

मस्कोव्ही ही जात सोडली तर पाळीव बदकं मलार्डचीच वंशज.

आता खुराडं. कोंबडी तिन्हीसांजेला आपणहून आत जाते. बदकाचा मात्र भरवसा नाही. म्हणून रोज एकाच वेळी, आतच दाणा ठेवून, काठी आडवी धरून सावकाश हाकायचं. ती घोळक्याने चालतात, हे आपलं भाग्य. षटकोनी जाळी बदकाला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी घ्या, वरूनही लावा आणि खाली हातभर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीने झाका. कोल्हा भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतो आणि तिथेच त्याचे पंजे जाळीला अडतात. फळ्यांनी सगळं बंद करू नका. बदकांच्या ओलाव्याने आत दमट होतं, वरच्या बाजूला वारा खेळता हवा. सकाळी आठ-नऊपर्यंत दार उघडायची घाई नको. बहुतेक अंडी तोवर खुराड्यातच मिळतात आणि कोल्ह्याची पहाटेची फेरीही टळते. मुंगूस मात्र दिवसाचं. पिल्लं लहान आहेत तोवर त्यांना दिवसाही जाळीतच ठेवावं लागतं, घार आणि कावळाही असतोच.

केरळात कुट्टनाडला गेलो होतो, तेव्हा कापणी झालेल्या भातशेतात बदकांचे कळप राखणारी माणसं पाहिली. संध्याकाळी जाळ्याचं कुंपण उभारून बदकं आत, आणि राखणदार शेजारीच झोपलेला. इतकी साधी, इतकी खात्रीची व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

विष आणि फासे यांचा विचारही नको. मुंगूस, कोल्हा, घोरपड, रानमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय फाशात शेजाऱ्याचं मांजर आधी सापडतं.

काकीकडे आज अकरा बदकं आहेत. तुमच्याकडे असतील तर आज संध्याकाळी बॅटरी घेऊन खुराड्याभोवती एक फेरी मारा, आणि दोन बोटं जातील असं भोक दिसलं तर ते उद्यावर ठेवू नका.