पाण्याची पळवाट आणि घरची एस्प्रेसो

लग्नमंडपात जेवणावळी आटोपल्यावर कोपऱ्यातील उभ्या यंत्रापाशी कॉफीसाठी रांगेत उभे राहण्याचा प्रसंग महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांवर केव्हा ना केव्हा आलेला असतो. त्या यंत्रातून फूत्कारत येणाऱ्या वाफेने झटपट कॉफीची पूड घातलेले दूध फेसाळते, वर चिमूटभर कोको पडतो, आणि त्या गोड, ऊनऊन पेयाला आपण एस्प्रेसो समजून चालतो. इटलीतील उपाहारगृहांत मिळणारी एस्प्रेसो मात्र याहून सर्वस्वी निराळी, म्हणजे दोन-तीन घोटांत संपणारा दाट, काळसर अर्क आणि त्याच्यावर बदामी रंगाच्या फेसाचा पातळ थर, एवढाच तिचा पसारा असतो. मंडपातील यंत्राजवळ वाफ असते, पण दाब नसतो. आणि एस्प्रेसोचा सारा कारभार दाबाच्या आधारावर चालतो.

हा दाब मिळविण्यासाठी इटालियन कारागिरांना अर्धे शतक खर्ची घालावे लागले. मिलान शहरातील लुईजी बेझ्झेरा याने १९०१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे देसिदेरिओ पाव्होनी याने त्या यंत्राचे उत्पादन व प्रसार केला. परंतु पाणी ढकलण्याचे काम त्यात बाष्पकातील वाफेकडेच असल्यामुळे दाब जेमतेम दीड बारच्या आसपास राही, आणि तो वाढवावयास जावे तर पाणी इतके तापे की कॉफीला करपट चव येई. अखिले गाज्जिया याने दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा, स्प्रिंग व दट्ट्या यांची योजना करून दाबाला उष्णतेच्या ताबेदारीतून मुक्त केले, तेव्हा कोठे आठ-नऊ बारचा दाब साधला आणि ज्याला इटलीत क्रेमा म्हणतात तो फेस पेल्यात प्रथमच अवतरला. पुढे १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने हाताच्या श्रमाची जागा विजेच्या पंपाला दिली. आज घरोघरी येणारी पंपाची यंत्रे त्याच परंपरेतील आहेत. अल्फोन्सो बियालेत्ती याचे १९३३ सालचे मोका पात्र घरगुती उपयोगास उत्तम खरे, तथापि त्यातील दाब दोन बारच्या पलीकडे सहसा जात नसल्यामुळे त्यातून कडक कॉफी मिळते, एस्प्रेसो नव्हे.

इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने या पेयाचे परिमाणच ठरवून दिले आहे: सुमारे ७ ग्रॅम पूड, ८८ अंश सेल्सिअसचे पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद वेळ आणि २५ मिलिलिटर अर्क. अलीकडे मोठी गाळणी वापरणारे १८ ग्रॅम पुडीपासून ३६ ग्रॅम अर्क २५ ते ३० सेकंदांत काढतात व पाणी ९० ते ९५ अंशांपर्यंत तापवितात. भाजताना दाण्यांत अडकून राहिलेला कर्बद्विप्राणिद वायू दाबाखाली पाण्यात विरघळतो, आणि अर्क बाहेर पडून दाब सरताच त्याचे सूक्ष्म बुडबुडे होऊन क्रेमा तयार होतो. म्हणूनच महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पुडीला फेस येत नाही. उलट कालपरवा भाजलेल्या दाण्यांतून वायू इतका उसळतो की अर्क एकसारखा उतरत नाही. भाजल्यानंतर आठवडाभर मुरलेले आणि महिन्याच्या आत संपणारे दाणे हा मध्यम मार्ग होय.

येथवरची व्यवस्था यंत्र पाहते; यापुढची मात्र करणाऱ्याच्या हाती असते. पाण्याचा धर्मच असा की, त्याला जेथे विरोध कमी तेथूनच ते वाट काढते. शेताच्या बांधाला उंदराने एक बीळ पाडले म्हणजे पाटाचे सारे पाणी जसे तेथूनच वाहून जाते, तसे गाळणीतील पुडीत कोठे गुठळी, कोठे पोकळी राहिली, तर नऊ बारच्या जोराने आलेले पाणी त्या पोकळीतून निसटते. तिच्या काठची पूड अति धुतली जाऊन कडवट होते, बाकीची जवळजवळ कोरडी राहून आंबट उतरते, आणि एकाच पेल्यात दोन्ही दोष नांदतात. यावर इलाज एवढाच की, पूड एकजिनसी दळावी, गाळणीत सर्वत्र सारखी पसरावी, आणि दट्ट्याने तिरकस न होऊ देता सपाट दाबावी. पात्याच्या मिक्सरमधून निघालेल्या पुडीत धूळ आणि कण्या यांची भेसळ असते, म्हणून तेथे हा इलाज चालत नाही. त्यासाठी दोन दातेरी चकत्यांमधून दाणे भरडणारे ग्राइंडरच हवे.

दळणाचा अजमास घड्याळ व तराजू यांच्या साक्षीने घ्यावा. पुडीचे व अर्काचे वजन कायम ठेवून, अर्क पंधरा सेकंदांतच भराभर उतरला तर दळण बारीक करावे, पाऊण मिनिट ठिबकत राहिला तर जाडे करावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा सुधारणा कशाने झाली याचा उलगडा कधीच होणार नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे कालचे प्रमाण आज चालेनासे होते, हेही ध्यानात असावे. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या कामी वर्ज्य समजावी. दाण्यांसाठी मात्र परदेशाकडे पाहण्याचे प्रयोजन नाही. चिकमगळूर व कोडगूच्या मळ्यांतील कॉफीचा इटली हा जुना आणि मोठा ग्राहक असून, दाट क्रेमा देणाऱ्या भारतीय रोबस्टाला तेथील मिश्रणांत मानाचे स्थान आहे.

आता दुधाकडे वळू. दुधाचा फेस टिकतो तो त्यातील प्रथिनांच्या आधारावर. स्निग्धांशामुळे चवीला भरीवपणा येतो, पण फेसाला तो काहीसा बाधकच असतो. म्हणून दाट म्हशीच्या दुधापेक्षा सुमारे साडेतीन टक्के स्निग्धांशाचे गाईचे पिशवीतील दूध नवशिक्याला सोयीचे पडते. ते पाश्चरीकृत असल्यामुळे आधी उकळण्याचे कारण नाही. उकळलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो आणि साय आडवी येते. दूध थेट शीतकपाटातून काढावे, कारण जितके थंड दूध, तितका ते तापेपर्यंत अवकाश अधिक. वाफेच्या नळीतील साचलेले पाणी आधी सोडून द्यावे, मग तिचे टोक पृष्ठभागाच्या जरासे खाली धरून काही सेकंद हलकी चुरचुर ऐकू येईल इतकीच हवा आत जाऊ द्यावी. भांडे हाताला कोमट लागताच टोक थोडे खोल नेऊन कडेला सरकवावे, म्हणजे दुधात भोवरा निर्माण होऊन मोठे बुडबुडे फुटतात व फेस रेशमी होतो. भांडे हाताला सोसवेनासे झाले, म्हणजे साधारणतः ६० अंशांवर, वाफ बंद करावी. सत्तरीच्या पुढे प्रथिनांचा विघात वाढतो आणि दुधाचा नैसर्गिक गोडवा शिजल्या चवीखाली झाकला जातो. उपर्युक्त संस्थेच्या मते कापुचिनोसाठी १०० मिलिलिटर दुधाचे फेसासह १२५ मिलिलिटर व्हावे; अर्थात फेस हा दुधावर ठेवलेला ढीग नसून दुधातच मुरलेला असावा. काम संपताच नळी ओल्या फडक्याने पुसावी, नाहीतर वाळलेले दूध तिच्यावर खापराप्रमाणे घट्ट बसते.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. यंत्रांच्या जाहिरातींत १५ बारची घोषणा ठळक अक्षरांत झळकते. पण तो पंपाच्या कमाल शक्तीचा आकडा होय, एस्प्रेसोला हवे असतात नऊच. शिवाय दाब वाढविल्याने पुडीतील पळवाट बुजत नाही, उलट अधिक रुंदावते. सबब ज्याची थैली मर्यादित आहे त्याने यंत्र साधे घ्यावे आणि वाचलेली रक्कम ग्राइंडरवर खर्च करावी. दळण बिघडले असता महागड्या यंत्राचाही उपाय चालत नाही.