सायकल खांद्यावर घेऊन पळायची शर्यत : सायक्लोक्रॉसमध्ये शेवटचा आलेला माणूसही पुढच्या रविवारी परत का येतो?

इन्स्टाग्रामवर एक रील तुम्हीही पाहिली असेल. थंडीचे दिवस, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. एक माणूस सायकलवरून उतरतो, सायकल उचलून खांद्यावर टाकतो आणि चढावर पळत सुटतो. वर पोहोचला की धावता धावताच उडी मारून सीटवर बसतो आणि निघून जातो. बाजूला उभे असलेले लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत ओरडत असतात.

खाली पहिली कमेंट ठरलेली, "सायकल चालवायची असते ना रे, उचलायची कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर म्हणजे सायक्लोक्रॉस नावाचा खेळ. गंमत अशी की दिसायला हा खेळ जितका वेडा आणि अवघड वाटतो, तितकाच तो पहिल्यांदा रेस लावणाऱ्या हौशी माणसाला सोपा जातो. सोपा म्हणजे दम कमी लागतो असं नाही. दम तर इतका लागतो की पाचव्या मिनिटाला आपण इथे का आलो असा प्रश्न पडतो. पण घाबरून घरी बसावं असं यात फार काही नाही.

कसं ते बघू.

हा प्रकार सुरू कुठे झाला?

गोष्ट फ्रान्सची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. उन्हाळ्यात रस्त्यावरच्या सायकल शर्यती चालायच्या, पण हिवाळ्यात खेळाडूंनी करायचं काय? थंडीत लांब अंतर चालवणं नको वाटायचं. मग सायकलपटू शेतातून, कुंपणं ओलांडून, नाल्यातून एका गावाहून दुसऱ्या गावाला शर्यत लावायचे असं सांगतात. जिथे सायकल चालायची नाही तिथे उचलून पळायचं. पळाल्यामुळे गारठलेले पायही गरम व्हायचे.

या खेळाला शिस्त लावण्याचं श्रेय डॅनियल गुसो नावाच्या फ्रेंच सैनिकाला दिलं जातं. १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे १९१० मध्ये ऑक्टाव्ह लापिझने टूर द फ्रान्स जिंकली आणि त्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसला दिलं. मग काय, चिखलात पळणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. ती जिंकली जाँ रोबिकने, ज्याने १९४७ ची टूर द फ्रान्सही जिंकली होती. महिलांना जागतिक स्पर्धेसाठी मात्र थेट २००० सालापर्यंत थांबावं लागलं. आणि आज या खेळात सर्वाधिक जागतिक विजेतेपदं मिळवणाऱ्यांच्या यादीत नेदरलँड्सची मरियाना वोस आठ विजेतेपदांसह अगदी वर आहे.

सुरुवात फ्रान्सने केली असली, तरी सध्या या खेळाचं खरं घर बेल्जियम आणि नेदरलँड्स आहे. बेल्जियममध्ये हिवाळ्यातल्या रविवारी हजारो लोक तिकीट काढून चिखलात उभे राहतात. एका हातात बटाट्याचे फ्राइज, दुसऱ्या हातात बिअर आणि समोर सायकली.

मैदान कसं असतं?

रस्त्यावरची शर्यत एका गावातून दुसऱ्या गावात जाते. सायक्लोक्रॉसचं तसं नाही. इथे एका पार्कात किंवा मैदानात फिती लावून साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरचा वळणावळणाचा ट्रॅक आखतात आणि त्यावर फेऱ्या मारायच्या असतात.

ट्रॅकवर गवत, चिखल, वाळू, तीव्र चढ, घसरडे उतार, कधी पायऱ्या आणि हमखास दोन लाकडी फळ्या. या फळ्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर. ज्याला जमतं तो सायकलसकट उडी मारतो, बाकीचे उतरून पळतात. बेल्जियमचा स्वेन नेस हा लहानपणी बीएमएक्स खेळलेला गडी या उड्यांसाठीच प्रसिद्ध झाला.

आणि वेळ? इथे किलोमीटर ठरलेले नसतात, मिनिटं ठरलेली असतात. जागतिक पातळीवर पुरुषांची शर्यत साधारण एक तास चालते. हौशी लोकांची ३० ते ४५ मिनिटांत संपते. सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघून पंच एकूण फेऱ्यांचा आकडा ठरवतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते.

शेवटचा येण्याची भीती, आणि तिचं औषध

पहिली रेस लावायची म्हटलं की सगळ्यात मोठी भीती पडण्याची नसते, शेवटचं येण्याची असते. रस्त्यावरच्या शर्यतीत हे वाईटच असतं. मुख्य घोळका एकदा सुटला की मागे राहिलेला माणूस एकटा पडतो. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, वारा मात्र पूर्ण अंगावर. पुष्कळ लोक अशी एक शर्यत करून कायमचे थांबतात.

सायक्लोक्रॉसमध्ये तसं होत नाही. ट्रॅक छोटा आणि वळणांचा असल्यामुळे सगळे सतत एकमेकांना दिसत राहतात. दहा मिनिटांत पहिला कोण आणि तिसावा कोण हे बघणाऱ्यालाही सांगता येत नाही. चाळिसाव्या क्रमांकावरचा माणूस एकेचाळिसाव्याशी इतक्या त्वेषाने झुंजत असतो की जणू जागतिक विजेतेपदच पणाला लागलंय.

वेगवान लोक मागून येऊन तुम्हाला एका फेरीने गाठतात. ते ठीक आहे. पुढे असलेल्याने शर्यत संपवली की बाकीचेही पुढच्या वेळी रेषा ओलांडताना थांबतात. त्यामुळे एक-दोन फेऱ्या कमी झाल्या तरी शर्यत पूर्ण केल्याचंच समाधान मिळतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फार मागे पडलेल्यांना मध्येच बाहेर काढतात, पण स्थानिक रविवारच्या शर्यतीत बहुतेक वेळा तसं करत नाहीत.

ब्रिटन आणि अमेरिकेत या खेळाला गर्दी होते ती यामुळेच. तिथे शरद ऋतू ते हिवाळा दर आठवड्याला शाळांच्या मैदानांवर आणि पार्कांत स्थानिक शर्यती असतात. सकाळी लहान मुलं, मग चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, मग तरुण. आई धावते तेव्हा मुलं घंटा वाजवतात, मुलं धावतात तेव्हा आई ओरडते. एकाच मैदानात अख्ख्या घराचा दिवस जातो.

महागडी सायकल लागते का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी काढून टाका.

सायक्लोक्रॉसची खास सायकल दिसायला रोडबाईकसारखी असते. हँडल खाली वळलेलं, पण टायर खडबडीत आणि चाकाभोवती मोकळी जागा जास्त, म्हणजे चिखल अडकून चाक जाम होत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही. पण बहुतेक स्थानिक शर्यतींत नवख्यांना माउंटन बाईक किंवा ग्रॅव्हल बाईक चालते. नाव देण्याआधी आयोजकांना एकदा विचारून घ्यायचं, एवढंच.

सायकलवरून पाण्याची बाटली आणि तिचा स्टँड मात्र काढून ठेवा. अर्ध्या तासात पाणी प्यायला फुरसत मिळत नाही आणि सायकल खांद्यावर घेताना तो स्टँड आडवा येतो.

खरा फरक पडतो तो टायरमधल्या हवेने. रस्त्यावर चालवणाऱ्यांना टायर दगडासारखा टणक लागतो. इथे उलटं. हवा कमी ठेवली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, मऊ गवतात कमी रुततो. पण फार कमी केली तर दगडावर किंवा मुळावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. ट्यूब असलेल्या टायरला ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास सुरुवात करून, सरावाच्या फेरीत अंदाज घेत कमी-जास्त करायचं. वजनदार माणसाला थोडी जास्त हवा लागते. ट्यूबलेस टायर असेल तर आणखी कमी करता येते. शेकडो रुपयांचं सामान घेऊन जो फरक पडणार नाही, तो पंपाच्या दोन झटक्यांनी पडतो.

तीन गोष्टी आधी शिका

उतरणं, उचलणं आणि परत बसणं. या तिन्ही गोष्टी ओल्या गवताच्या मैदानावर दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतात.

उतरायचं नेहमी डाव्या बाजूने, कारण चेन आणि गिअर उजवीकडे असतात. उजवा पाय सीटच्या मागून डावीकडे आणायचा, क्षणभर डाव्या पायडलवर उभं राहायचं आणि सायकल चालू असतानाच पळायला लागायचं. थांबून उतरलात तर सगळा वेग गेला.

छोटा अडथळा असेल तर सायकल हातानेच उचलायची. लांब चढ किंवा पायऱ्या असतील तर उजव्या खांद्यावर घ्यायची. उजवा हात फ्रेमच्या पुढच्या भागाखालून घालून हँडल धरायचं, म्हणजे ते हलून तोंडावर आदळत नाही.

परत बसताना नवखे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. कारण समजण्यासारखं आहे! युक्ती एवढीच की सरळ सीटवर उडी मारायची नाही. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर टेकायचं आणि मग घसरून मध्ये यायचं. सुरुवातीला उडीआधी पाय दोनदा अडखळतो. बहुतेकांचा अडखळतो. आधी चालत, मग हळू पळत सराव करा. फळ्या नसतील तर जमिनीवर दोन वाळकी फांद्या ठेवल्या तरी काम होतं.

रेसच्या दिवशी

पहिलं काम म्हणजे ट्रॅक सरावासाठी उघडा असेल तेव्हा दोन फेऱ्या मारणं. कुठे पळणं चालवण्यापेक्षा सोपं आहे, कुठल्या वळणावर चिखल घसरडा आहे, हे तेव्हाच कळतं.

नवख्यांना बहुतेक मागच्या रांगेत उभं करतात. शिट्टी वाजली की सगळे जीव तोडून सुटतात, कारण थोड्याच अंतरावर ट्रॅक अरुंद होतो आणि पहिल्या वळणावर चक्क ट्रॅफिक जाम होतो. इथेच पहिली चूक होते. मागचा माणूस सुरुवातीच्या दोन मिनिटांत सगळी ताकद घालवतो, मग त्या जाममध्ये उभा राहतो आणि पुढची पंचवीस मिनिटं धापा टाकतो. पहिल्या रेसला थोडं हातचं राखून सुटायचं. दुसऱ्या फेरीपासून दमलेले लोक आपोआप मागे यायला लागतात.

दुसरी चूक म्हणजे चिखल दिसला की ब्रेक दाबणं. घसरड्या वळणावर ब्रेक दाबला की चाक सरकलंच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, मग हात सैल सोडून जायचं. नजर चाकाखाली नाही, पुढे.

पंक्चर झालं तर? ट्रॅकच्या बाजूला पिट असतो, तिथे दुसरी सायकल किंवा चाक ठेवता येतं. तिथपर्यंत सायकल घेऊन ट्रॅकवरूनच पुढे पळायचं, उलटं यायचं नाही. व्यावसायिक खेळाडू भरपूर चिखल असेल तर दर अर्ध्या फेरीला सायकल बदलतात आणि मदतनीस पहिली धुऊन तयार ठेवतो. हौशी माणसाला ना दुसरी सायकल, ना मदतनीस. त्याची रेस पंक्चरबरोबर संपू शकते, ही तयारी मनात असावी.

पडणं होतं, पण वेग कमी आणि जमीन मऊ असल्यामुळे बहुतेक वेळा खरचटण्यावर भागतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही. खांदा किंवा मनगट दुखावू शकतं. हेल्मेटला पर्याय नाही. आणि अर्धा तास हृदय पूर्ण जोरात पळणार असतं, म्हणून बरेच दिवस व्यायाम बंद असेल, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणं हाच शहाणपणा.

हौशी आणि चॅम्पियन एकाच चिखलात

आज रस्त्यावरच्या शर्यती गाजवणारी मोठी नावं याच चिखलातून आली आहेत. २०२३ चा रस्त्यावरचा जगज्जेता मॅथ्यू व्हॅन डर पूल याने २०२५ पर्यंत सायक्लोक्रॉसची सात जागतिक विजेतेपदं घेतली होती. त्याचे वडील आद्री १९९६ चे सायक्लोक्रॉस जगज्जेते. त्याचा जुना प्रतिस्पर्धी वाउट व्हॅन आर्ट २०१६ ते २०१८ असा सलग तीनदा जगज्जेता झाला.

या खेळाला डागही लागलाय. २०१६ च्या जागतिक स्पर्धेत बेल्जियममध्ये एका खेळाडूच्या सायकलमध्ये लपवलेली मोटर सापडली. सायकलच्या इतिहासात अशी कारवाई झालेली ही पहिली घटना. सहा वर्षांची बंदी घातली गेली.

आपल्याकडे?

भारतात हा खेळ अजून फारसा रुजलेला नाही. पण त्याचा सराव करायला बेल्जियमला जायची गरज नाही. पावसाळ्यातलं एखादं मोकळं मैदान, जुनी माउंटन बाईक, दोन फांद्या आणि वेळ लावायला एक मित्र एवढं पुरतं. फक्त कुणाच्या पेरलेल्या शेतात घुसू नका आणि क्रिकेटचं पीच सोडून द्या. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोप-अमेरिकेत असलेल्यांना तर जवळच्या क्लबमध्ये चौकशी केली तरी एखादी शर्यत सापडू शकते.

पहिल्या रेसनंतर चित्र साधारण सगळीकडे सारखंच असतं. दातात चिखल, गुडघा सोललेला, क्रमांक खालून मोजलेला बरा. माणूस सायकल आडवी टाकून गवतावर पडतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, "त्या वाळूच्या वळणावर तू उतरलास की चालवलीस?"

पुढच्या रविवारी ते दोघं पुन्हा मागच्या रांगेत शेजारी शेजारी उभे असतात.