पेटंट विद्यापीठाचे, माल कारखानदाराचा

किराणा दुकानात उंदीर मारण्याच्या वड्या ठेवणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना वॉर्फरीन हे नाव कदाचित ठाऊक असेल. आज आपल्या बाजारात ब्रोमाडायोलोन जास्त चालते, पण तेही याच कुळातले. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना रक्त गोठू नये म्हणून जी गोळी देतात, तिच्यातही पुष्कळदा वॉर्फरीनच असते. या नावातले 'वॉर्फ' हे एका संस्थेच्या नावाचे लघुरूप आहे. संस्थेचा ना कारखाना आहे, ना दुकान. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लागलेल्या शोधांची पेटंटे सांभाळायची आणि कारखानदारांना ती वापरण्याचा परवाना द्यायचा, एवढाच तिचा धंदा.

तिची सुरुवात मुडदूसापासून झाली. अन्नावर अतिनील किरण सोडले की त्यात 'ड' जीवनसत्त्व तयार होते, असे या विद्यापीठातील प्रा. हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिले. लहान मुलांची हाडे वाकवणाऱ्या या रोगावर स्वस्त इलाज सापडला. स्टीनबॉक यांनी खिशातले ३०० डॉलर घालून पेटंटचा अर्ज केला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीने त्या हक्कासाठी लाखो डॉलर देऊ केले, पण त्यांनी ते घेतले नाहीत. शोध विद्यापीठात लागला, तेव्हा लाभही तिथल्या संशोधनाला मिळावा, असे त्यांचे म्हणणे. शिवाय पेटंट न घेता शोध मोकळा सोडला, तर कोणीही हलका माल जीवनसत्त्वाच्या नावावर खपवील, ही भीती होतीच.

विद्यापीठाला स्वतः हा व्यवहार अंगावर घ्यायचा नव्हता. तेव्हा नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढले आणि १९२५ साली विद्यापीठाबाहेर स्वतंत्र संस्था उभी केली. भांडवल अवघे ९०० डॉलर! १९२७ साली क्वेकरलाच परवाना मिळाला, पण हक्क संस्थेकडेच राहिला. गाय न विकता दूध विकण्याचा हा व्यवहार. पुढे औषध कंपन्या आणि दूधवालेही परवाना घेऊ लागले. रॉयल्टीचा पैसा पुन्हा प्रयोगशाळेत जाई.

यात एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. मार्गारीन म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा स्वस्त वनस्पती-मस्का. ते बनवणाऱ्यांना संस्थेने परवाना नाकारला, कारण विस्कॉन्सिन हा दुग्धव्यवसायाचा प्रांत. म्हणजे ज्या गरिबाच्या मुलांना जीवनसत्त्वाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच ताटातला पदार्थ वगळला गेला. हे प्रकरण न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी या नकारावर बोट ठेवले आणि १९४० च्या दशकात ती पेटंटे रद्द ठरली. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाचा शोध कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.

वॉर्फरीनची हकीकत याहून बोलकी आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत, भर बर्फवृष्टीत एक शेतकरी १९० मैल गाडी हाकून मॅडिसन शहरी आला. सोबत मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरशी आलेला चारा. पशुवैद्यकाचे सरकारी कार्यालय बंद होते, म्हणून तो दिसेल त्या दारात शिरला. ती प्रा. कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा निघाली. त्या चाऱ्यात रक्त पातळ करणारे नेमके काय आहे, हे शोधायला सहा-सात वर्षे लागली. १९४१ साली पेटंट मिळाले, १९४८ साली त्याच जातीचे उंदरांचे औषध बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी परवानगी मिळाली. हंगामात घातलेला पैसा हंगामात वसूल करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला एवढा काळ पाहून घाम फुटेल!

अमेरिकेत १९८० साली कायदा झाला आणि सरकारी पैशावर लागलेल्या शोधाचे पेटंट स्वतःकडे ठेवण्याची मुभा तिथल्या सर्व विद्यापीठांना मिळाली. विस्कॉन्सिनमध्ये परवान्याच्या उत्पन्नातला २० टक्के वाटा आता शोध लावणाऱ्याला मिळतो. आपल्याकडे पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आधाराने २००७ साली व्हेंचर सेंटर सुरू झाले. नवा उद्योग काढणाऱ्याला तिथे जागा, यंत्रसामग्री आणि सल्ला मिळतो. रंग, चामडे किंवा मसाल्याच्या धंद्यात वर्षानुवर्षे माल खराब होत असेल, तर नमुना पिशवीत घालून अशा ठिकाणी जाऊन विचारायला हरकत नाही. परवाना घेण्याची वेळ आली, तर तो आपल्या एकट्याला आहे की दहा जणांना, किती वर्षांचा आहे आणि माल खपला नाही तरी रॉयल्टी भरावी लागेल काय, हे सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यावे.